अनोळखी गेमवाल्याले पैसे लावू का? आधी डेमो माग

रामराम राजेहो. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न: "दादा, किकस्टार्टरवर एक भारी गेम आला, बनवणारे कोण आहेत काही माहीत नाही, पैसे लावू का?" दारव्हा, दर्यापूर, आर्वी, सगळीकडून पोट्टे हेच विचारून राहिले. म्हणून आज यावरच बोलतो.

बेसिक गोष्टी पटकन उरकतो. किकस्टार्टर म्हणजे वस्तू बनायच्या आधीच लोकांकडून पैसे जमवायची वेबसाइट. किकस्टार्टरवर टार्गेट मुदतीत पूर्ण झालं तरच कार्डावरून पैसे कटतात, नाही तर एक रुपया जात नाही. पण पैसे कटले आणि गेम आलाच नाही, तर किकस्टार्टर स्वतः रिफंड देत नाही. ते दुकान नाही. पैसे जमवायच्या काही मोहिमा अशाही असतात की टार्गेट गाठलं नाही तरी जमलेले पैसे बनवणाऱ्याले मिळतात. तेवढ्यात पूर्ण गेम कसा बनवणार, हे त्याले आधी विचारा. झालं बेसिक.

आता डेमो. आपल्या हातानं खेळता येतो असा डेमो आहे का? ट्रेलर नाही म्हणत मी, डेमो.

दर्यापूरच्या एका पोट्ट्यानं मले ट्रेलरची लिंक पाठवली. पाऊस, ड्रॅगन, ढोल, सगळं जोरदार. मी त्याले विचारलं, यात खेळणारा नेमकं काय करते? उडी मारते, तलवार चालवते, का नुसता चालते? तो म्हणे, "ते तर दिसलंच नाही." मग राजा, तू गेम पाहिलाच नाही! बियाण्याच्या पाकिटावर बोंडं टपोरीच छापलेली असतात, तुझा बाप तो फोटो पाहून बॅग घेते का? शेजारच्या वावरात ते वाण उगवलेलं पाहते, मग घेते.

उलट बाजूनं पाहा. 'अंडरटेल' गेम बनवणारा टोबी फॉक्स. २०१३ मध्ये गेमच्या दुनियेत त्याले ओळखणारे थोडेच. त्यानं आधी डेमो लोकांच्या हाती दिला, मग किकस्टार्टरवर ५,००० डॉलर मागितले. जमले ५१,००० च्या वर. २०१५ मध्ये गेम आला, लोकांनी डोक्यावर घेतला. नाव नव्हतं, पण खेळून पाहाले काहीतरी होतं.

आणि नाव असलं तर? ब्रिटनचं योगस्कास्ट, लय मोठं यूट्यूब चॅनल. २०१२ मध्ये त्यांच्या नावावर 'योगव्हेंचर्स' गेमले किकस्टार्टरवर साडेपाच लाख डॉलरच्या वर जमले. गेम बनवणारी कंपनी मात्र वेगळी, लहान आणि नवीन. २०१४ मध्ये प्रोजेक्ट बंद. लोकांनी यूट्यूबरचा चेहरा पाहून पैसे लावले, काम दुसऱ्याच्या हातात होतं. म्हणून मी जरी एखाद्या गेमचं कौतुक केलं, तरी माझ्या तोंडाकडे पाहून कार्ड काढू नका. डेमो उघडा, खेळा, मग ठरवा.

एका भावानं कमेंट केली: "तू गरीब डेव्हलपरच्या पोटावर पाय देऊन राहिला." नाही रे भाऊ. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीनं 'राजी' गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टर केलं, डेमोही दिला होता. टार्गेट नाही गाठलं. तरी ते थांबले नाहीत, २०२० मध्ये गेम बाहेर आला. असं काम करणाऱ्यांले पैसे मिळावे असं मले मनापासून वाटते, आणि म्हणूनच नुसत्या ट्रेलरवाल्यांचा राग येते. एकदा पैसे बुडाले की पोट्टे चांगल्यालेही देत नाहीत.

डेमो नसेल तर कट न केलेला खेळतानाचा व्हिडिओ मागा. मधात अडकणारा, अर्धवट चित्रांचा असला तरी चालते, तो खरा असते. मग हिशेब करा: किती माणसं, किती महिने, किती पैसे. पाच जण दोन वर्षं खपणार आणि मागून राहिले दहा हजार डॉलर? मग बाकीचा पगार कुठून येणार, हे थेट विचारा. उत्तर टाळलं तर पुढे चला.

आणि टेलिग्रामवर क्यूआर कोड पाठवून "प्री-सपोर्ट" मागते त्याले काहीच देऊ नका. तिथं ना टार्गेट, ना मुदत. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर करू नका. बापाच्या कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करायचा असेल तर बापाले सांगून करा, लिमिट लावा आणि काम झालं की बंद करा. कापसाचे पैसे त्याच खात्यात येतात.

दर्यापूरवाल्या भावा, तुझ्या ड्रॅगनवाल्या गेमची मोहीम अजून आठ दिवस चालू आहे. त्यांच्या पानावर जाऊन विचार, डेमो कधी देता? काय उत्तर येते ते खाली टाक. डेमो दिला तर पुढच्या व्हिडिओत इथंच बसून खेळून पाहू.