बॅन्फचे थॉमस एडवर्ड: जोडे शिवणारे निसर्ग-अभ्यासक

ईशान्य स्कॉटलंडमध्ये डेव्हरन नदी मोरे फर्थच्या आखाताला जिथे मिळते, तिथे बॅन्फ हे छोटेसे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात थॉमस एडवर्ड या गावात जोडे शिवत असत. आठवड्याला जेमतेम साडेनऊ शिलिंग मजुरी मिळत असताना, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी सोफिया यांच्याशी लग्न केले. पुढे त्यांना अकरा मुले झाली.

त्यांचा जन्म 25 डिसेंबर 1814 चा. वडील विणकर. पशुपक्ष्यांचे वेड थॉमसना लहानपणापासूनच होते. खिशातून आणि टोपीतून जिवंत किडे-प्राणी वर्गात नेल्याबद्दल, वयाची सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्यांना तीन शाळांतून काढून टाकण्यात आले. त्यानंतर शाळा अशी झालीच नाही. आधी कारखान्यात आणि मग अकराव्या वर्षापासून जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारी, यातच त्यांचे बालपण गेले.

सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत हात कामाला बांधलेले असताना त्यांनी निसर्गाचा अभ्यास केला तरी केव्हा, असा प्रश्न पडतो. तो त्यांनी झोपेच्या वेळात केला. काम आटोपले की ओटची भाकरी खिशात घालून, दोरीने आवळलेली जुनी बंदूक खांद्यावर टाकून ते किनाऱ्याच्या कड्यांकडे निघत. अंधार दाटून दिसेनासे झाले की एखाद्या बिळात पाय घालून किंवा थडग्याच्या सपाट दगडाखाली अंग टाकत, आणि उजाडताच पुन्हा निरीक्षण सुरू करून कामाच्या वेळेला दुकानात हजर होत. रविवार मात्र ते कटाक्षाने पाळत. कुटुंबाच्या पोटाची मजुरी या छंदापायी बुडू नये, हा त्यांचा नेम होता. निशाचर पक्षी आणि प्राणी यांच्या हालचाली त्यांना इतक्या बारकाईने कळल्या, त्याचे एक कारण त्या रात्रींमध्येच आहे.

नवऱ्याच्या या भटकंतीची तक्रार सोफियांनी केली नाही. तेव्हाचे जोडे शिवणारे बहुतेक दारूच्या आहारी गेलेले असत, माझा माणूस मात्र आपल्या प्राण्यांमुळे त्यापासून दूर राहिला आणि कामातही त्याने कधी कुचराई केली नाही, असे त्या सांगत. हा निर्वाळा आम्हाला कोणत्याही मानपत्राहून मोलाचा वाटतो.

एकदा त्यांनी जपून ठेवलेले नऊशेहून अधिक कीटक उंदीर-घुशींनी फस्त केले, तेव्हा पेट्या पुन्हा भरायच्या, एवढेच ठरवून ते कामाला लागले. याहून मोठा घाव 1846 मध्ये बसला. आपला संग्रह मांडून त्यांनी ॲबरडीनमध्ये प्रदर्शन भरवले, पण लोक आले नाहीत आणि कर्ज मात्र चढले. बायकामुलांसह त्या शहरात अडकलेल्या एडवर्ड यांनी निराशेच्या भरात समुद्र गाठला. तिथे वाळूवरच्या लहान किनारी पक्ष्यांच्या थव्यात एक मोठा, गडद रंगाचा, अनोळखी पक्षी त्यांना दिसला. त्याचा माग काढता काढता जीव देण्याचा विचार मागे पडला. अखेर वर्षानुवर्षांचा तो सारा संग्रह सुमारे 20 पौंडांना विकून त्यांनी देणी फेडली, कुटुंबाला बॅन्फला परत आणले आणि पुन्हा आरी हातात घेतली.

पुढे तब्येतीने साथ सोडू लागल्यावर त्यांनी समुद्रातल्या जीवांकडे अधिक लक्ष वळवले. या कामात मुलींचा मोठा हातभार लागला. कोळ्यांच्या जाळ्यांतला टाकाऊ गाळ आणि माशांची पोटे त्या वडिलांसाठी गोळा करून आणत, आणि एडवर्ड त्यांतून कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले बारीक कवचधारी जीव निवडून काढत. त्यांतल्या अनेक जाती शास्त्राला तोवर ठाऊक नव्हत्या. अशा एका जीवाला स्पेन्स बेट या अभ्यासकाने ‘प्रॅनायझा एडवर्डी’ असे नाव दिले. 1866 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेने एडवर्ड यांना सहयोगी सभासद करून घेतले, तरी घर चालत होते ते जोड्यांच्या मजुरीवरच.

1876 मध्ये सॅम्युअल स्माइल्स यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले, आणि व्हिक्टोरिया राणीने त्यांना वर्षाला 50 पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले. तेव्हा ते बासष्टीला आले होते. पोटाची काळजी मिटल्यावर ते वनस्पतींच्या अभ्यासात रमले आणि 27 एप्रिल 1886 रोजी बॅन्फमध्येच निधन होण्यापूर्वी त्यांनी त्या परगण्यातल्या जवळजवळ सर्व वनस्पतींचे नमुने गोळा केले होते.