पंधराशे तासांत काय भरायचं

मंडळी, अमेरिकेत वैमानिकाचं कमर्शियल लायसन्स साधारण २५० तासांच्या उड्डाणावर मिळतं, पण एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला बहुतेकांना १५०० तास लागतात. आपल्याकडे भारतात २०० तासांचं सीपीएल, म्हणजे हेच कमर्शियल लायसन्स, आणि टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायची परवानगी, घेऊन मुलं थेट को-पायलट होतात. इथे अमेरिकेत मधले साडेबाराशे तास स्वतःच्या खिशातून कोण उडणार? म्हणून बरेच जण इन्स्ट्रक्टर होतात. पैसे विद्यार्थी भरतो, तास आपल्याही लॉगबुकात चढतात. मीसुद्धा याच हिशेबाने फीनिक्सला सेसना १७२ या छोट्या विमानाच्या उजव्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या, सीटवर बसलो.

हा पंधराशे तासांचा नियम कशातून आला, ते ठाऊक असू द्या. १२ फेब्रुवारी २००९ला बफलोजवळ कोलगन एअरचं विमान एका घरावर कोसळलं. ५० माणसं गेली, त्यातलं एक त्या घरातलं. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, इशारा आल्यावर विमानाचं नाक खाली करायचं असतं, पण कॅप्टनने कंट्रोल मागे ओढला. आणि त्या दोन्ही वैमानिकांचे तास दोन हजारांच्या वर होते! घाबरलेला हात मागेच ओढतो, हे मी रोज डाव्या सीटवरच्या विद्यार्थ्यात बघतो. नुसतं सांगून तो हात पुढे जात नाही, पुन्हापुन्हा करून घ्यावं लागतं. करून घेता घेता आपलाही हात शिकतो. माझ्या मते पंधराशे तासांची खरी कमाई ही.

सुरुवातीला माझं एक चुकायचं. विद्यार्थ्याने लँडिंगला नाक जरा उशिरा उचललं की मी लगेच ‘आय हॅव द कंट्रोल्स’ म्हणायचो आणि विमान हातात घ्यायचो. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, “तुझ्या पोराने अजून एकही लँडिंग केलेलं नाही. सगळी तूच केलीस.” त्या दिवसापासून माझा हात मांडीवर असतो, योकपासून, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगपासून, वीतभर लांब. त्या वीतभर अंतरात किती थांबायचं, हे ठरवणं सगळ्यात अवघड.

पगार बहुतेक ठिकाणी तासावर. उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीपार जातो, हवा विरळ होते, सेसना चढता चढत नाही. मग पहाटे पाचला धावपट्टीवर. अशा दिवसांत मोह होतो, सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, तयार झालेल्या मुलाला आणखी पाच फेऱ्या फिरवायचा. याला मी चोरी म्हणतो.

त्याच्या लॉगबुकात सही करायची, दार उघडायचं आणि उतरायचं. हातात छोटा रेडिओ घेऊन कडेला उभं राहायचं. आपलं वजन गेल्यामुळे विमान नेहमीपेक्षा झपकन उचलतं आणि पोरगा गोंधळतो, हे आधी सांगून ठेवा. तीन फेऱ्या, तीन लँडिंग. माझ्या पहिल्या विद्यार्थिनीच्या वेळी मी रेडिओवर एक शब्द बोललो नाही, घसा कोरडा पडला होता. ती उतरली, इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही तिच्या शर्टाची पाठ कापली, त्यावर तारीख लिहिली.

त्या तीन फेऱ्या माझ्या लॉगबुकात नाहीत.