मंत्र म्हणा, पण गाडीत बसून

वर्गमैत्रिणीच्या स्मरणार्थ ठेवलेल्या या व्याख्यानात तिच्या अक्षराचं, गाण्याचं कौतुक करून खाली बसणं सोपं होतं. पण ती कशानं गेली, हे आपण गावात कधी मोठ्यानं बोललोच नाही. आज बोलतो.

तिला पान लागलं ते मण्यारचं. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि दंश असा की पुष्कळदा झोपही मोडत नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, आणि पुढे श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. प्रतिविष आणि लागला तर कृत्रिम श्वास, हाच उपाय, तोही वेळेत. अंथरुणात साप दिसला, तिला मारुतीच्या देवळात नेलं. कडुलिंबाचा पाला चघळायला दिला, कडू लागतो का विचारलं; नाही लागला तर विष चढलं, अशी समजूत. दुपारपर्यंत मंत्र चालले.

त्याआधी त्याच देवळातून कितीतरी जण बरे होऊन घरी गेले होते, हे खरंच आहे. जातीलच. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. श्रेय मात्र मंत्राला. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 साली आपल्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. पण कायदा म्हटला की आपल्यापुढे पैसे उकळणारा बुवा उभा राहतो. आमच्या गुरवकाकांनी छदाम घेतला नाही. उपाशी बसून जप केला, ती गेल्यावर लहान मुलासारखे रडले. अशा माणसावर रागवायचं कसं? मग आम्ही पोरं रागावलोच नाही, आणि नीट रडलोही नाही.

सांत्वनाला आलेल्या बायकाही प्रेमळच. ‘देवाला आवडली ती’ म्हणाल्या. एकीनं तिच्या आईला हळूच विचारलं, नागपंचमीला काही चुकलं होतं का? त्या एका प्रश्नानं ती माउली खचली. शेवटी शेळ्या विकून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला. दवाखान्यात न्यायला गाडीभाडं नाही म्हणणारं हेच घर. याला मी श्रद्धा म्हणून गप्प बसणार नाही, मग तुम्हाला मी उद्धट वाटलो तरी चालेल.

मागच्या महिन्यात गुरवकाकांकडे जाऊन बसलो. आता थकलेत. म्हटलं, काका, मंत्र सोडू नका. पण आधी 108 ला फोन लावा, आणि मंत्र गाडीत बसून म्हणा. ते म्हणाले, ‘गाडीत मला बसू देतील?’ मी म्हटलं, मी बसवतो.