हलणारा शुक्राणू आणि होणारी पिल्लं

नमस्कार. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या बाकांवर थोडी खुसखुस झाली. ती होऊन गेली ते बरं झालं, आता मोकळेपणानं बोलता येईल. औषधं आणि रसायनं नराच्या प्रजननक्षमतेला बाधतात का, हे प्राण्यांच्या शुक्राणूंवरून तपासणं हे आमचं काम, आणि आजचा विषयही तोच.

सुरुवात एका कारखान्यापासून करतो. १९७७ साल, कॅलिफोर्नियातलं लॅथ्रोप. शेतीची रसायनं बनवणाऱ्या या कारखान्यातले कामगार आपसांत बोलत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बरेच दिवस कुणाच्याच घरी पाळणा हललेला नाही. वीर्य तपासलं, तर अनेकांच्या नमुन्यात शुक्राणू एक तर अगदी थोडे, नाहीतर मुळीच नाहीत. संशय गेला डीबीसीपीवर. पिकांच्या मुळांना लागणारे सूत्रकृमी मारायला हे रसायन जमिनीत सोडत. आता पुढचं ऐका. याच रसायनानं उंदीर, गिनीपिग आणि सशांची वृषणं आक्रसतात, हे १९६१ सालीच छापून आलं होतं. उंदरानं १६ वर्षं आधी सांगून ठेवलं होतं, वाचणाऱ्यांनी मनावर घेतलं नाही.

पण उंदीर प्रत्येक वेळी इतकं स्पष्ट बोलत नाही, आणि आमच्या कामाची खरी गंमत तिथेच आहे.

रॅट, म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा पांढरा उंदीर, शुक्राणूंच्या बाबतीत भलताच उधळ्या. शंभर पानांच्या पंगतीला हजार माणसांचा स्वयंपाक करावा तसा त्याचा कारभार असतो. निम्मं अन्न करपलं तरी कुणी उपाशी उठत नाही. औषधानं त्याचे बहुतेक शुक्राणू नाहीसे केले, तरी मादी गाभण राहते आणि पिल्लंही नेहमीइतकीच होतात. माणसाकडे एवढी शिल्लक नसते. म्हणून नर-मादी एकत्र ठेवले, सकाळी मादीच्या योनिस्रावात शुक्राणू दिसले, पिल्लं मोजली आणि ‘औषध सुरक्षित’ असा शेरा मारला, हे चालत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दोन पिढ्यांच्या चाचणीत, ४१६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत, २००१ च्या सुधारणेनंतर पिल्लांच्या जोडीला शुक्राणूंची संख्या, आकार आणि हालचाल हेही तपासावं लागतं.

हालचाल तपासणं कागदावर सोपं वाटतं. अधिवृषणाचा, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या आणि शुक्राणू साठवणाऱ्या नळीचा, शेपटाकडचा भाग काढायचा, ३७ अंशांच्या आसपास गरम ठेवलेल्या द्रावणात त्याला छेद द्यायचा, शुक्राणू पोहत बाहेर येतात. थेंब काचेवर ठेवून बघायचं. पण काच गार असेल तर सगळे मंदावतात. औषध न दिलेले उंदीर सकाळी तपासले आणि औषध दिलेले जेवणानंतर, तर जो फरक दिसेल तो औषधाचा की घड्याळाचा? म्हणून दोन्ही गटांतले प्राणी आलटून पालटून घ्यायचे आणि मोजणाऱ्याला गट सांगायचा नाही. आणखी एक गोष्ट. माणसाचा शुक्राणू साधारण ५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, रॅटचा १९० च्या घरात, वर डोकं आकड्यासारखं वळलेलं. माणसासाठी केलेल्या २० मायक्रॉन खोलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे काचेवरच्या कप्प्यात, त्याला शेपूट हलवायलाच जागा मिळत नाही. त्याला खोल चेंबर लागतं. मोजणीला कॉम्प्युटर लावला, तरी कॉम्प्युटर काय, समोर दिसेल ते इमानेइतबारे मोजतो. किती वेगानं गेला, सरळ किती आणि वाकडा किती, डोकं दोन्ही बाजूंना किती झुललं, असे दोन दशांशांपर्यंतचे आकडे तो देतो. थेंब नीट घेतला होता का, हे मात्र तो सांगत नाही.

आणि नुसतं हलणं पुरतही नाही. १९५१ साली चँग आणि ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवलं की मादीच्या जननमार्गात काही काळ राहिल्याशिवाय शुक्राणू फलनक्षम होत नाही. यानागिमाची यांनी हॅमस्टरमध्ये त्यापुढची पायरी पाहिली. फलनाच्या सुमाराला शेपटीचे फटके एकदम जोरकस आणि वेडेवाकडे होतात. २००१ साली कॅटस्पर नावाच्या कॅल्शियम-मार्गिकेचं, म्हणजे शुक्राणूत कॅल्शियम आत घेणाऱ्या वाटेचं, जनुक काढून टाकलेले माऊस (छोटे उंदीर) तयार झाले. नर धडधाकट, समागम करणारे, शुक्राणूंची संख्या ठीक, पोहणं थोडं मंद. पिल्लू मात्र एकही नाही. बीजांडाचं बाहेरचं कवच काढून दिलं, की तेच शुक्राणू फलन करत. कवच फोडण्यापुरता जोर तेवढा कमी पडत होता. ‘इतके टक्के हलतात’ या एका आकड्यावर मी कधीच समाधान मानत नाही, ते यासाठी.

हालचालीचा खरा उपयोग घाव कुठे बसला ते ओळखायला होतो. रॅटमध्ये शुक्राणू तयार व्हायला ५० हून थोडे अधिक दिवस लागतात, त्यानंतर अधिवृषणातून पुढे सरकायला आठवडा-दीड आठवडा. औषध सुरू करून महिना-दीड महिन्यानं बिघाड दिसला, तर संशय वृषणावर. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच हालचाल मंदावली, तर तयार होऊन साठलेल्या शुक्राणूंवरच घाव पडला आहे. अल्फा-क्लोरोहायड्रिन हे रसायन अगदी हेच करतं. साखरेपासून ऊर्जा काढणारं शुक्राणूमधलं एक विकर (एन्झाइम) ते बंद पाडतं. पुढे २००४ मध्ये त्याच विकराचं जनुक माऊसमधून काढलं, तेव्हा मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, शाबूत असूनही शुक्राणू जागच्या जागी वळवळत राहिले.

आता प्राणी कोणता निवडायचा? सशाचं मला कौतुक आहे. कृत्रिम योनी वापरून त्याच नराचं वीर्य पुन्हा पुन्हा घेता येतं, त्याला मारावं लागत नाही. पण गॉसिपॉलची गोष्ट बघा. आपल्या सरकीत असतो तोच हा घटक. (रिफाइंड तेलातून तो निघून जातो, काळजी करू नका.) चीनमध्ये सरकीचं कच्चं तेल खाणाऱ्या गावांत वंध्यत्व दिसलं, त्यातून पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळीची कल्पना निघाली. १९७२ पासून ८,००० हून अधिक पुरुषांवर चाचण्या झाल्या. गोळी काम करत होती, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं आणि काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. रॅट आणि हॅमस्टरमध्ये गॉसिपॉलचा परिणाम स्पष्ट दिसतो, सशात जवळजवळ दिसत नाही. त्या काळी कुणी फक्त सशावर भरवसा ठेवला असता, तर हा पदार्थ शुक्राणूंना काही करत नाही असाच अहवाल गेला असता.

विचारा आता प्रश्न.