तारांचे घरटे

चोचीतली तार फांदीच्या बेचक्यात नीट बसत नाही, म्हणून हा गावकावळा ती बाहेर ओढतो, दुसऱ्या टोकाने पकडतो आणि पुन्हा काड्यांमध्ये खुपसतो. जोडीतील नर कोणता आणि मादी कोणती, हे नुसते पाहून सांगता येत नाही. काम मात्र दोघेही करतात. संपूर्ण काळ्या, जाड चोचीच्या डोमकावळ्यापेक्षा हा पक्षी किरकोळ अंगाचा आहे. त्याची लांबी सुमारे ४० सेंटिमीटर असून मान आणि छाती राखाडी असते.

भारतीय उपखंडाच्या बऱ्याच भागांत त्याची वीण प्रामुख्याने पावसाच्या तोंडावर होते. झाडाच्या काटक्या मोडून आणताना वेळ जातो. बांधकामावर पडलेली बाइंडिंग वायर मात्र आयती मिळते, हवी तशी वाकते आणि एकदा गुंतली की वाऱ्यानेही सहसा सुटत नाही. त्यामुळे बाहेरचा सांगाडा काटक्या आणि तारांचा होतो. आतली वाटी मात्र काथ्या आणि मऊ तंतूंनी काळजीपूर्वक भरलेली आहे. ज्याला आपण कचरा म्हणतो, त्यातून नेमकी वस्तू निवडण्याची ही नजर कौतुकास्पद आहे.

वाटीत निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची अंडी आहेत. त्यांतले किंचित लहान अंडे कोकिळेचे आहे. कावळ्याच्या अंड्यांना उबायला १६ ते १७ दिवस लागतात, तर कोकिळेचे पिल्लू साधारण १३ दिवसांत बाहेर पडते. हे पिल्लू यजमानाची अंडी सहसा घरट्याबाहेर ढकलत नाही; लवकर जन्मल्याने मिळालेल्या आघाडीवरच ते घास मागत राहते आणि कावळ्याची स्वतःची पिल्ले अनेकदा उपाशी राहतात. इतका चलाख म्हणून ओळखला जाणारा हा पक्षी परक्या पिल्लाला, ते उडू लागल्यानंतरही, चारा भरवताना दिसतो.

जहाजांवरून तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही पोहोचला असून तेथील स्थानिक पक्ष्यांना तो जाच ठरला आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती यादीच काढून टाकली. पावसाळ्यापूर्वीची फांदीछाटणी मात्र आजही नेमकी त्याच्या विणीच्या दिवसांत होते.