सही एकच लागते

नमस्कार. कोणी ओट्याशी भाकरी थापत असेल, कोणी दुकानाच्या गल्ल्यावर असेल, कोणी धुऱ्यावर बसून मोबाइलमध्ये रेडिओ लावला असेल, सगळ्यांना नमस्कार. आजचा विषय कळला की काही घरांत आवाज कमी होणार, मला ठाऊक आहे. मी नर्सबाई म्हणून गावोगाव फिरले तेव्हाही असंच व्हायचं. मी बोलायला लागले की आधी दार लोटायचे. तुम्हीही दार लोटा हवं तर, पण आवाज राहू द्या.

विषय पाळणा लांबवण्याचा, थांबवण्याचा. आणि नको असताना दिवस गेले तर बाईनं काय करायचं, कायदा तिला काय देतो, याचा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आपल्या नागपुरात येतं. थंडी, संत्री आणि मोर्चे एकदमच येतात. सीताबर्डीकडून निघालेल्या माणसाला वळसा घालून घालून घर गाठावं लागतं. मोर्चात कापूस असतो, धान असतं, आशाताईंचं मानधन असतं. मानधनाचा तर झालाच पाहिजे, भर थंडीत त्या रस्त्यावर बसतात आणि वरच्या मजल्यावरून खाली कोणी बघत नाही. पण आजच्या या विषयाचा मोर्चा मी इतक्या वर्षांत पाहिला नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर मधेच कुकरची शिट्टी होईल आणि नेमकं तेच ऐकायचं राहील. गर्भपातासाठी अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही लागते. नवऱ्याची लागत नाही. पुन्हा सांगते. तिची एकटीची सही. नवऱ्याची नाही, सासूची नाही, भावाची नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र पालकाची संमती लागते.

हे मला कसं कळलं, तो किस्सा आता सांगते. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या बायका ऐकत असतील तर त्या आता कपाळाला हात लावतील, कारण त्यांनी तो दहादा ऐकलाय. ऐका अकराव्यांदा.

साल १९९३. उमरेडकडच्या एका गावात माझं उपकेंद्र. एक खोली, एक टेबल, वजनाचा काटा, आणि बाहेरच्या भिंतीवर ठोकलेली लाकडी पेटी. पेटीवर लाल त्रिकोण, आत निरोधची पाकिटं. फुकट. ज्याला मागायची लाज वाटते त्यानं अंधार पडल्यावर यावं, मूठभर घ्यावीत, जावं. कल्पना चांगली होती. पण महिनोन् महिने त्या पेटीला कोणी हात लावला नाही. मी दर सोमवारी उघडायची, धूळ पुसायची, लावून टाकायची.

तेव्हा आम्हाला टार्गेट असायचं. ते १९९६ साली गेलं, पण त्याआधी प्रत्येक नर्सच्या मानेवर ते बसलेलं होतं. नसबंदीच्या इतक्या केसेस, तांबीच्या इतक्या, निरोध वापरणारी इतकी जोडपी. निरोधचा हिशेब असा, की बहात्तर नग वाटले म्हणजे वर्षाचं एक जोडपं धरायचं. बहात्तर नग, एक जोडपं. लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर श्रावण सरत आला, पोळा पंधरा दिवसांवर आला, आणि पेटी रिकामी! मी भरली. तीन दिवसांत पुन्हा रिकामी. पुन्हा भरली. पंधरा दिवसांत सातशेवीस नग गेले. मी बहात्तरानं भागलं, दहा जोडपी. जननक्षम जोडप्यांच्या रजिस्टरमध्ये माझा रकाना पहिल्यांदा भरला. तालुक्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी मला उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या, गुलाबाचं फूल दिलं. दहा जोडप्यांचा वर्षाचा माल पंधरा दिवसांत कसा संपला, हे एकानंही विचारलं नाही. आकडा चांगला आला की आमच्याकडे पुढचं विचारायची पद्धत नव्हती. मीही विचारलं नाही. फूल अंबाड्यात खोवून घरी आले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. इकडे शहरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तिकडे गावात पोरांचे लाकडी बैल. मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली पोट्ट्यांची रांग. आताचा तान्हा पोळा मी बघते, प्लास्टिकचे बैल, पोरांना कृष्णाचे आणि शिवाजी महाराजांचे ड्रेस, मांडवात कानठळ्या बसवणारा डीजे. लाकडी बैल चाकांवर कुरकुरत यायचा त्याची सर त्याला नाही. असो.

तर मी पाहुणी म्हणून खुर्चीवर बसलेली, शेजारी सरपंच, पलीकडे गुरुजी. पहिला बैल आला. शिंगांना फुगे. दुसरा आला. शिंगांना फुगे, शेपटीला फुगे. पांढुरके, लांबोडके. तिसऱ्या बैलाच्या तर चाकांनाही. माझ्या पोटात गोळा आला. सरपंच म्हणाले, "व्वा गुरुजी, औंदा सजावट मोठी झ्याक हाय. फुगे कोठून आणले बे पोट्ट्यांनी?" गुरुजी आपल्या चपलेकडे बघत राहिले. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं फुगा दाबून पाहिला आणि म्हणाली, "किती मजबूत हाय वं माय, फुटूनच नाही राह्यला." आणि रांगेतला एक पोट्टा छाती काढून ओरडला, "नर्सबाईच्या पेटीतले हायत!"

पुरुष माणसं आधी गप्प झाली, मग जी हसली! बायका मागे उभ्या होत्या, पदर तोंडात कोंबून त्यांचे खांदे हलत होते. मी खुर्चीतून उठून कुठे जाऊ ते कळेना.

संध्याकाळी उपकेंद्रात येऊन पहिलं काम केलं, पेटी काढली. खिळे उपटत होते तर बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची ओवाळणी, मागायला एक सात-आठ वर्षांचा पोरगा बैल घेऊन आला. दोन फुगे अजून शिल्लक होते. मागे त्याची आई, कडेवर आठ महिन्यांचं. पोरानं बोजारा घेतला, निघाला. ती नाही निघाली. मला म्हणते, "बाई, पोट्ट्याइले तं फुगे देल्ले तुम्ही. आमच्यासाठी काही हाय का?"

मी हसले. ती नाही हसली.

अडीच महिने झाले होते. तीन लेकरं पदरात. मालक छत्तीसगडकडे ट्रकवर. तालुक्याला एका दवाखान्यात ती जाऊन आली होती, तिथं सांगितलं, मालकाची सही आण. मालक येणार दिवाळीला. मला म्हणाली, "दिवाळीलोक पोट थांबते का, बाई?" गावातल्या एका म्हातारीनं काडी घालून देते म्हणून सांगितलं होतं. काडी म्हणजे काय हे ऐकणाऱ्या बायकांना मी सांगायला नको. काडीनं गेलेल्या दोघी मी पाहिल्या आहेत.

आता कबूल करते. त्या दवाखान्यानं सांगितलं तेच मीही तोपर्यंत बायकांना सांगत आले होते. नवऱ्याला घेऊन ये. मालकाची सही लागते. कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. सगळे म्हणायचे, मीही म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिला नागपूरला आणलं, मोठ्या सरकारी इस्पितळात. ओपीडीत एक डॉक्टरबाई होत्या, रागीट, चष्मा कपाळावर. मी लाचारासारखी सुरुवात केली, मॅडम, मालक गावी नाही, सही नाही... त्यांनी ड्रॉवर उघडला, एक छापील कागद काढून माझ्यापुढे टाकला. फॉर्म सी. संमतीचा नमुना. म्हणाल्या, "सिस्टर, यात नवऱ्याच्या सहीची ओळ कुठाय ती मला दाखवा." मी वरून खाली वाचला. पुन्हा खालून वर. नव्हतीच. अठरा वर्षांपुढच्या बाईचं नाव, वय, पत्ता, आणि सही. इतकी वर्षं मी नोकरीत होते, आणि तो कागद मी पहिल्यांदा वाचला.

बाई तिसरी शिकलेली. अंगठा नको, सही करते म्हणाली. पेन असं धरलं जसं आपण चिमट्यानं विस्तवावरची भाकर धरतो. पहिलं नाव लिहिलं. मग बापाचं नाव लिहिलं आणि थांबली. शाळा सुटल्यावर तिनं नाव लिहायची वेळच आली नव्हती, तेव्हा हाताला माहीत होतं ते माहेरचंच. माझ्याकडे बघून म्हणते, "चुकलं काय वं, बाई?" डॉक्टरबाईंनी कागद ओढून घेतला, पुढे कंसात सासरचं नाव स्वतः लिहिलं आणि म्हणाल्या, "काही चुकलं नाही. सही तुझी आहे ना? झालं."

त्याच वेळी तांबी बसवली. दोन दिवसांनी ती गावात धुणं धुताना दिसली. दिवाळीला मालक आला. तो काय म्हणाला ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

किस्सा लांबला. काचेपलीकडून रेडिओच्या मॅडम घड्याळ दाखवताहेत. तेव्हा आता कायदा भराभर सांगते.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, एप्रिल १९७२ पासून लागू. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवडे असतील तर दोन डॉक्टर, आणि तेही ठरावीक परिस्थितीत. म्हणजे बलात्कार झाला असेल, मुलगी अल्पवयीन असेल, मधेच नवरा गेला असेल, घटस्फोट झाला असेल, अशा वेळी. आणखी एक, आधी कायद्यात लग्न झालेली बाई आणि तिचा नवरा असे शब्द होते. गर्भनिरोधाचं साधन फसलं, हे कारण लग्न झालेल्या बाईनंच सांगायचं. आता तिथं बाई आणि तिचा जोडीदार आहे. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून लग्न न झालेल्या बाईला वगळता येणार नाही. बाईचं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा आहे. आणि सही? तिची एकटीची. नसबंदीलाही जोडीदाराची सही हवी असं सरकारी नियमात नाही.

एक घोळ फार आहे. दवाखान्यादवाखान्यात पाटी असते, गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे. आहेच गुन्हा, आणि असायलाच हवा. पण ती पाटी वाचून बायका समजतात की गर्भपातच गुन्हा आहे. औषधवालेही समजतात, आणि डॉक्टरची चिठ्ठी असली तरी गोळ्या नाहीत म्हणून हात झटकतात. दोन कायदे वेगळे आहेत. मुलगा की मुलगी बघणं, ते वेगळं. नको असलेले दिवस वेळेत आणि नोंदणीकृत ठिकाणी जाऊन थांबवणं, ते कायद्यात बसतं.

मग अजून काय हवं? तर आजही कायदा शेवटचा शब्द डॉक्टरच्या मताला देतो. बाई मागते म्हणून नव्हे, डॉक्टरला योग्य वाटतं म्हणून. सुरुवातीच्या आठवड्यांत तरी तिचा शब्द पुरेसा असावा, ही दुरुस्ती व्हायला हवी. ती दिल्लीत होईल. पण १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून कुटुंब नियोजन समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही हातात, आणि आरोग्य तर राज्याचंच. जिल्ह्यातल्या किती आरोग्य केंद्रांत ही सोय खरोखर चालते, आणि किती ठिकाणी अजून मालकाची सही मागतात, एवढं तरी आपला आमदार डिसेंबरात विचारू शकतो. विचारायला लावा.

आणि कायदा म्हणजे जबरदस्ती नव्हे, हे आपल्या राज्याला वेगळं सांगायला नको. याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या आणीबाणीच्या धास्तीनं गावातले पुरुष पुढेही आमची गाडी दिसली की शेतात पळायचे, हे मी सुरुवातीच्या वर्षांत पाहिलंय. आणि नसबंदीचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९ ते २१ ची. देशभरात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के. पुरुषांची ०.३. शून्य पूर्णांक तीन! पुरुषाची टाक्याविना होते, थोड्या वेळात घरी जाता येतं. भाऊलोकांनो, तुम्ही ऐकताय ना?

दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणाऱ्यांना एक आठवण देते. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं ठराव आणला होता, की सरकारनं संततिनियमनाचा प्रचार करावा आणि लोकांना साधनं पुरवावीत. रोहम यांनी तो मांडला. बाजूनं अकरा मतं पडली, विरोधात बावन्न. आणि त्याआधी १९३४ साली संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या, 'समाजस्वास्थ्य' मासिकवाल्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूनं बाबासाहेबच उभे राहिले होते.

मॅडमनी आता दोन्ही हात वर केलेत. एवढं सांगून थांबते. त्या पोराला मी दोन रुपये बोजारा दिला होता. जाताना तो दारातून मागे फिरला, बैलाच्या शिंगाचा एक फुगा सोडला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "घ्या, हा तुमचाच हाय." नमस्कार.