सुलिव्हनबाईंची शिकवण्याची रीत

श्रोतेहो, नमस्कार. अ‍ॅनी सुलिव्हन यांचं नाव निघालं की पाण्याचा पंप आठवतो, आणि त्याखाली हात धरून उभी असलेली त्यांची छोटी बहिरी-अंध विद्यार्थिनी हेलन केलर. तो दिवस मोठाच. पण त्याआधीचा महिना आणि नंतरचे चार-पाच दिवस समजले नाहीत, तर बाईंचं खरं काम लक्षात येत नाही. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

बाईंचा जन्म १४ एप्रिल १८६६ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. खुपऱ्यांनी डोळे अधू झाले, आई गेली. धाकट्या भावासह त्या ट्यूक्सबरीच्या सरकारी गरीबखान्यात आल्या, तिथे भाऊही दगावला. १८८० साली बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाल्या तेव्हा १४ वर्षांच्या या मुलीला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. सहा वर्षांनी शिक्षण पूर्ण करताना त्या वर्गात पहिल्या आल्या. लॉरा ब्रिजमन नावाची बहिरी-अंध स्त्री त्या शाळेत राहत असे. तिच्याशी बोलता यावं म्हणून त्या बोटांची लिपी, म्हणजे बोटांच्या आकारांनी दुसऱ्याच्या हातात अक्षरं सांगण्याची रीत, शिकल्या.

३ मार्च १८८७ ला त्या हेलनला शिकवायला अलाबामातल्या टस्कंबियाला, तिच्या घरी पोचल्या. हेलन तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. बाहुली हातात देऊन बाईंनी तळहातावर ‘डी-ओ-एल-एल’ ही अक्षरं काढली. मुलीने ती लगेच जशीच्या तशी काढून दाखवली. पण ही नुसती बोटांची नक्कल आहे, हे बाईंनी ओळखलं होतं. घरात दुसरीच अडचण होती. हेलनने हट्ट केला की आईवडील नमतं घेत. म्हणून बाई तिला घेऊन जवळच्या बागेतल्या छोट्या घरात साधारण दोन आठवडे राहिल्या. आईवडिलांनी येऊन पाहावं, पण हेलनला ते कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं.

आता अडचण शब्दांची. ‘मग’ आणि ‘मिल्क’ यांत हेलनचा गोंधळ होई. दोन्हींसाठी ती पिण्याची खूण करी. कारण उघड आहे: भांडं, त्यातलं दूध आणि पिणं, तिन्ही गोष्टी तिच्यापुढे एकाच वेळी येत. त्यातल्या कुठल्या गोष्टीला कुठला शब्द, हे तिला कसं कळावं? हा गुंता सोडवावा म्हणूनच ५ एप्रिलला बाईंनी तिला पंपापाशी नेलं. तिच्या एका हातात तो ‘मग’, त्यावर गार पाण्याची धार आणि मोकळ्या हातावर ‘डब्ल्यू-ए-टी-ई-आर’. पाणी भांड्यापासून वेगळं झालं. हेलनच्या हातून तो ‘मग’ गळून पडला. पुढच्या काही तासांत तिने सुमारे ३० शब्द आपलेसे केले. लोक याला चमत्कार म्हणतात. आम्हाला त्यात नेमकं निदान दिसतं.

आणि याहून मोठी गोष्ट पुढे घडली. हेलनच्या नात्यातलं सव्वा वर्षाचं बाळ पाहताना बाईंच्या लक्षात आलं, की बाळाला कुणी एकेक शब्द घोकायला लावत नाही. त्याच्याशी सगळे पूर्ण वाक्यांत बोलतात, आणि स्वतः बोलू लागण्याच्या कितीतरी आधी त्याला पुष्कळ समजतं. मग ठरावीक वेळचे धडे बंद झाले. हेलनच्या तळहातावर दिवसभर अखंड वाक्यं उमटू लागली. अडलं तिथे खाणाखुणांची जोड.

आज बहिऱ्या-अंध मुलांबरोबर काम करताना हीच वाट धरावी लागते. मुलाजवळ गेल्यावर आधी ठरलेल्या स्पर्शाने आपण कोण ते सांगा, प्रत्येकाचा स्पर्श वेगळा. मुलाचा हात वरून पकडून हलवू नका. आपला हात खाली, त्याचा वर सैल, म्हणजे त्याला हवं तेव्हा हात काढून घेता येतो. पकडून नेलेला हात हळूहळू शिकणंच सोडतो. बोटांच्या एकहाती अमेरिकी लिपीत ए, एस, टी, एम, एन ही सगळी मुठीची अक्षरं. अंगठा कुठे आहे एवढाच फरक, त्यामुळे घाईत ती एकमेकांत मिसळतात. दोन शब्दांमध्ये क्षणभर थांबा. प्रश्न विचारल्यावर तर खूपच थांबा. इथे बहुतेक मोठ्या माणसांचा धीर सुटतो आणि मुलाचं उत्तर तेच देऊन टाकतात. ओळखीचा शब्द वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वस्तूंबरोबर येऊ द्या. एकाच कपाबरोबर आला तर तो त्या कपापुरताच राहतो.

पुढे रॅडक्लिफ महाविद्यालयात प्राध्यापकांचं प्रत्येक व्याख्यान बाईंनी हेलनच्या हातावर उतरवलं, ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकं स्वतःच्या अधू डोळ्यांनी वाचून सांगितली. परीक्षेत मात्र बाईंना सोबत बसू दिलं जात नसे. १९०४ साली हेलन पदवीधर झाली. बाईंची दृष्टी पुढे जवळजवळ गेलीच. २० ऑक्टोबर १९३६ ला त्या वारल्या.

हेलनला शिकवू लागल्यावर बाईंनी पर्किन्समधल्या आपल्या मायाळू गृहमातेला पत्रं लिहिली. हेलनच्या १९०३ सालच्या आत्मचरित्रासोबत ती छापलेली आहेत. विशेष शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी मार्च ते मे १८८७ ची पत्रं आधी वाचावीत. काय जमलं नाही, ते त्यांत तारखेनिशी लिहिलेलं आहे.